रिमोटवर कॅप्स लॉक, नम लॉक सारखे उलटे होतात? आधी मालक ठरवा

नंबर पॅडवर ७ दाबला की आकडा उमटत नाही, कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. पासवर्ड बरोबर असून चुकीचा ठरतो, कारण लहान अक्षरं मोठी जातायत. आपल्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा बंद आणि समोरच्या खिडकीत सगळं कॅपिटल. एकदा कॅप्स लॉक दाबलं की ठीक होतं, चहा घेऊन जागेवर आलं की परत तेच.

व्हीएनसीवरून (दूरच्या मशीनचा स्क्रीन आपल्या खिडकीत दाखवणारी सोय) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटर, वापरणाऱ्या मंडळींची ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येत होती. आमच्या एका क्लायंटकडच्या अकाउंट्सच्या मॅडम तर नाव-गाव न सांगता फोनवर थेट म्हणायच्या, "अगं, सात परत पळतोय." तीनदा पासवर्ड चुकला की त्यांचं खातं लॉक व्हायचं, आणि महिनाअखेरीला खातं लॉक म्हणजे काय ते अकाउंट्सवाल्यांनाच विचारा. दर वेळी "कॅप्स लॉक दाबून बघा" सांगून फोन ठेवायचा मलाच कंटाळा आला, म्हणून यासाठीचं व्हीएनसीचं एक्स्टेंशन (मूळ प्रोटोकॉलला जोडलेली जादा सोय) नीट वाचून टीमसाठी टिपण लिहायला घेतलं. हे त्याच टिपणाचं थोडं मोकळं रूप.

घाईत असाल तर

आपल्या कीबोर्डवरच्या दिव्याकडे अजिबात बघू नका. रिमोट खिडकीतल्या यूजरनेमच्या खान्यात चार अक्षरं आणि नंबर पॅडवरचे दोन आकडे टाइप करा. तिथे ठिपके नसतात, काय उमटतंय ते दिसतं. उलटं दिसलं तर खिडकीतच क्लिक करून कॅप्स किंवा नम लॉक एकदा दाबा, खोडा, मग पासवर्ड. आजचं काम होईल. उद्या परत होऊ नये म्हणून पुढचं वाचा.

दिवा कीबोर्डचा नसतो

कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्ड स्वतः कॅपिटलवर जातो आणि स्वतःच दिवा लावतो, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात कीबोर्ड एवढंच कळवतो की ५८ क्रमांकाची कळ दाबली. कॅप्स लॉक चालू आहे की बंद याची नोंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या वहीत असते. ती नोंद उलटी करते आणि कीबोर्डला निरोप धाडते की आता हा दिवा लाव. पीएस/२ (जुन्या गोल पिनच्या) कीबोर्डला हा निरोप २३७ क्रमांकाच्या आज्ञेने जातो, मागोमाग एक बाइट, त्यात कुठले दिवे ते. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीच्या कीबोर्डला हे दिवेच नव्हते, लोक अंदाजाने टाइप करत. १९८४ च्या पीसी एटीमध्ये कॉम्प्युटरकडून कीबोर्डकडे निरोप जायची सोय झाली आणि दिवे आले.

आता रिमोट डेस्कटॉपमध्ये काय होतं बघा. दोन ऑपरेटिंग सिस्टीम, दोन वह्या, कीबोर्ड एकच. कीबोर्डवरचा दिवा तुमच्या लॅपटॉपची वही दाखवतो, अक्षरं मात्र समोरच्या मशीनच्या वहीप्रमाणे उमटतात. खिडकीच्या बाहेर असताना तुम्ही कॅप्स लॉक दाबलंत की एकच वही बदलली. तिथून पुढे खिडकीच्या आत कळ कितीही वेळा दाबा, दोन्ही वह्या एकदमच उलटतात आणि फरक तसाच राहतो. कॅप्स लॉकची कळ "चालू कर" असं कधी म्हणत नाही, ती "होतं त्याच्या उलट कर" एवढंच म्हणते. सगळा घोळ इथे आहे.

व्हीएनसीच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आरएफबीमध्ये, या दिव्यांचा उल्लेख नाही. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तो जन्मला, पुढे मार्च २०११ मध्ये आरएफसी ६१४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिला गेला. त्यात कळ म्हणजे एक चिन्ह आणि 'दाबली' की 'सोडली' एवढंच. सर्व्हरला सल्ला असा की कॅप्स लॉकची स्थिती शक्य तर सोडून द्या, आलेलं अक्षर लहान आहे की मोठं यावरून चाला. एक्स सर्व्हरवर (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) चालणाऱ्या व्हीएनसीला हे जमतं. कॅपिटल ए आला, तर गरज पडल्यास तो खोटी शिफ्ट दाबून कॅपिटल ए उमटवतो.

व्हर्च्युअल मशीनला हे जमत नाही. क्यूएमू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम. त्याच्या आतल्या गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला, एक खोटा कीबोर्ड दिसतो आणि त्या कीबोर्डवरून फक्त कळांचे क्रमांक जातात. 'कॅपिटल ए' नावाची कळ नसते. ए ची कळ असते, आणि गेस्ट आपल्या वहीत बघून ठरवतो.

क्यूएमूचा अंदाज आणि त्याचे घोटाळे

म्हणून क्यूएमूने एक जुगाड केला आहे. तो स्वतःची एक नोंद ठेवतो आणि येणाऱ्या अक्षरावरून ती तपासतो. शिफ्ट दाबलेली नाही, तरी मोठं अक्षर आलं? म्हणजे वापरणाऱ्याकडे कॅप्स लॉक चालू असणार. माझ्या नोंदीत बंद आहे? मग आधी गेस्टला एक कॅप्स लॉक दाबून दाखवतो, मग अक्षर देतो. नंबर पॅडचंही तसंच: चिन्ह 'आकडा ७' असेल तर नम लॉक चालू हवं, 'होम' असेल तर बंद.

साध्या वापरात हे बेमालूम चालतं. बिघडतं ते तीन ठिकाणी, आणि माझ्याकडच्या बहुतेक तक्रारी या तिन्हींतच होत्या.

पहिलं, गेस्टमध्ये कोणी कॅप्स लॉकच्या कळेला कंट्रोल कळेचं काम लावून ठेवलं असेल तर. प्रोग्रामर मंडळींना ही हौस असते. क्यूएमूच्या नोंदीत कॅप्स लॉक उलटतं, गेस्टमध्ये काहीच उलटत नाही. मग अंदाज जुळवायला क्यूएमू मधूनच कॅप्स लॉक दाबतो आणि गेस्टला ती कंट्रोल वाटते. आमच्या एका डेव्हलपरच्या एडिटरमध्ये अक्षरांऐवजी शॉर्टकट चालू व्हायचे ते यामुळेच. तो बिचारा कीबोर्ड बदलून मोकळा झाला होता. उपाय: क्यूएमूच्या व्हीएनसी पर्यायांत लॉक-की-सिंक, म्हणजे हा अंदाज बांधणारा पर्याय, बंद करायचं. ते आपोआप चालू असतं.

दुसरं, मराठी टायपिंग. तुमच्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट (देवनागरी कळफलक) लावलेलं असेल आणि तुम्ही के ची कळ दाबली, तर व्ह्यूअर, म्हणजे तुमच्याकडचा व्हीएनसी प्रोग्राम, क्यूएमूला 'क' हे चिन्ह पाठवतो, क्रमांक १६७७९५४१. क्यूएमूकडे इंग्रजी कळफलकाचा तक्ता असतो, त्यात 'क' सापडत नाही. लॉगमध्ये या चिन्हासाठी कळच सापडली नाही अशी ओळ येते आणि अक्षर गळतं. लोकांना वाटतं कीबोर्ड अडकला, ते कॅप्स लॉक, नम लॉक काय वाटेल ते दाबत सुटतात, आणि इंग्रजीवर परत आले की दोन्ही वह्या वेगळ्या. कॅप्स लॉकची दुरुस्ती फक्त इंग्रजी अक्षरांवर चालते, त्यामुळे देवनागरी टाइप करत होता तोवर हा फरक कोणाच्या लक्षातही आलेला नसतो.

यावर इलाज म्हणजे −२५८ क्रमांकाचं एक्स्टेंशन. त्यात चिन्हासोबत कळेचा क्रमांकही जातो, एकूण १२ बाइटांचा निरोप. के ची कळ ३७ क्रमांकाची, ती थेट गेस्टला मिळते. गेस्टमध्ये मात्र मराठी कळफलक लावलेला हवा. आणि इथे एक खड्डा आहे ज्यात मी आख्खा दिवस घालवला: क्यूएमू सुरू करताना 'के' या कमांड-पर्यायाने कळफलक दिलेला असेल, तर तो कळेचा क्रमांक सोडून देतो आणि पुन्हा तक्त्यात चिन्ह शोधतो. लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं टूल) वापरत असाल तर मशीनच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये व्हीएनसी ग्राफिक्सच्या ओळीत 'कीमॅप' लिहिलेलं आहे का बघा. कुणीतरी कधीतरी चांगल्या हेतूने 'एन-यूएस' टाकून ठेवलेलं असतं. काढून टाका, मशीन पूर्ण बंद करून चालू करा. नुसतं गेस्टच्या आतून रीस्टार्ट केलं तर क्यूएमूची प्रक्रिया तीच राहते आणि फरक पडत नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे मशीनमधून मशीनमध्ये. त्याकडे शेवटी येते, कारण त्याला एक्स्टेंशन समजलेलं लागतं.

−२६१: दिव्यांची खबर देणारं एक्स्टेंशन

अंदाज बांधण्यापेक्षा गेस्टलाच विचारावं, हे सरळ. गेस्ट आपल्या खोट्या कीबोर्डला दिव्याचा निरोप पाठवतोच. क्यूएमू तो ऐकतो आणि व्ह्यूअरला कळवतो. आरएफबीच्या भाषेत हे एक सूडो-एन्कोडिंग आहे. व्ह्यूअर जोडणी करताना आपल्याला काय काय समजतं त्याची यादी देतो, त्यात −२६१ असेल तरच सर्व्हरने ही खबर पाठवायची. खबर चित्राच्या नेहमीच्या अपडेटमधूनच येते, फक्त चित्राचे बाइट नसतात. प्रत्यक्ष तारेवर, आकडे दशमानात:

० ० ० १ म्हणजे अपडेट, आत एक आयत. पुढे आयताची जागा आणि आकार, ८ बाइट, ज्यांना इथे काही अर्थ नाही. मग २५५ २५५ २५४ २५१, हा −२६१. आणि शेवटी एकच बाइट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. स्क्रोल लॉक १, नम लॉक २, कॅप्स लॉक ४. चालू असतील त्यांची बेरीज. ६ आला तर नम आणि कॅप्स चालू.

व्हीएमवेअरचं याच कामाचं वेगळं एन्कोडिंग आहे, क्रमांक १४६४६८६१८४. बाइट सुटे करून वाचले तर डब्ल्यू, एम, व्ही, एच अशी अक्षरं निघतात. त्यात एका बाइटऐवजी चार बाइट येतात, बेरीज तीच. टायगर व्हीएनसीच्या व्ह्यूअरला दोन्ही समजतात.

बेरीज करताना सांभाळा. माझ्या टिपणाच्या पहिल्या प्रतीत हे चुकलं होतं आणि आमच्या टेस्टरने कॅप्स दाबल्यावर स्क्रिप्टने नम लॉक चालू असल्याचं सांगितलं. मी यूएसबीचा क्रम लिहिला होता. यूएसबी कीबोर्डात नम १, कॅप्स २, स्क्रोल ४. लिनक्सच्या इनपुट लेयरमध्येही हाच क्रम. एक्समध्ये कॅप्स १, नम २, स्क्रोल ४. टर्मिनलमध्ये 'एक्ससेट क्यू' दिलं की दिसतं. आणि आरएफबीने जुन्या पीएस/२ कीबोर्डचा क्रम घेतलाय: स्क्रोल १, नम २, कॅप्स ४. तीन दिव्यांसाठी तीन क्रम. क्यूएमू यूएसबी कीबोर्डाकडून आलेला बाइट म्हणूनच एकेक बिट तपासून बदलतो, पीएस/२ चा मात्र आहे तसाच पुढे देतो. तुम्ही स्वतः व्ह्यूअर किंवा टेस्ट स्क्रिप्ट लिहीत असाल तर फक्त नम लॉक लावून तपासू नका. २ हा आकडा दोन क्रमांत नम लॉकच आहे, चूक लपते. कॅप्स एकटं लावून बघा, ४ यायला हवा.

टिपणात मी लाल अक्षरात लिहिलेली गोष्ट वेगळीच आहे: ही खबर एकाच दिशेने येते. सर्व्हर व्ह्यूअरला सांगतो. "माझ्याकडे कॅप्स लॉक चालू आहे, तूही चालू कर" असं व्ह्यूअरने म्हणायला या एक्स्टेंशनमध्ये जागा नाही. फरक दिसला तर व्ह्यूअरपुढे दोनच वाटा. स्वतःचा दिवा बदलायचा, किंवा समोर कॅप्स लॉकची कळ दाबल्या-सोडल्याचं नाटक करायचं. टायगर व्हीएनसी दोन्ही करतो: खिडकीत परत आलात की तुमची स्थिती समोर लादतो, खिडकीत असताना समोरची बदलली तर तुमचा दिवा बदलतो. नोव्हीएनसी हा व्ह्यूअर ब्राउझरमध्ये चालतो, आणि वेब पानाला कॅप्स लॉक चालू आहे का ते वाचता येतं, बदलता येत नाही. म्हणून तो फक्त समोरचं दुरुस्त करतो.

मायक्रोसॉफ्टच्या आरडीपी या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलमध्ये हे दोन्ही बाजूंनी आहे. क्लायंट लॉक कळांची स्थिती एका सिंक इव्हेंटमध्ये पाठवू शकतो, सर्व्हर दिव्यांचा निरोप उलट पाठवतो. आकडे तेच १, २, ४, शिवाय जपानी काना लॉकसाठी ८. व्हीएनसीपेक्षा हे डिझाइन मला सरस वाटतं.

पाठशिवणी

आता नाटक करून दुरुस्त करण्यातला धोका. समजा तुम्ही पुण्यात आणि मशीन दूरच्या डेटा सेंटरमध्ये, निरोप जाऊन-येऊन पाव सेकंद लागतोय. तुम्ही कॅप्स लॉक दाबलंत, लगेच ए. व्ह्यूअरने कॅप्सची कळ पाठवली. गेस्टने ती उलटवली, पण खबर अजून वाटेत. ए दाबताना व्ह्यूअर बघतो तर इथे चालू, समोर जुन्या खबरीप्रमाणे बंद. तो दुरुस्ती म्हणून आणखी एक कॅप्स पाठवतो. आता समोर खरंच बंद झालं. तेवढ्यात पहिली खबर पोचते, मग दुसरी. पोरांच्या पाठशिवणीसारखं, ज्याला शिवलं तोच परत शिवायला धावतो. मॅडमचं "एकदा ठीक होतं, परत बिघडतं" यातलं बरंचसं हेच होतं, कारण त्यांच्या शाखेची लाइन दुपारी हमखास मंदावायची.

नोव्हीएनसीने यावर साधी युक्ती केली आहे. कॅप्स लॉक दाबलं किंवा दुरुस्तीसाठी पाठवलं की समोरची स्थिती 'माहीत नाही' अशी टाकायची. नवी खबर येईपर्यंत दुरुस्ती बंद. आमच्या अंतर्गत व्ह्यूअरमध्ये ही एक ओळ नव्हती. ती घातल्यावर मंद लाइनवरच्या तक्रारी थांबल्या.

मशीनमधून मशीनमध्ये

लॅपटॉपवरून मधल्या जंप मशीनवर, तिथल्या व्ह्यूअरमधून गेस्टमध्ये. आता वह्या तीन. बाहेरच्या व्ह्यूअरला जंप मशीनचं कॅप्स उलटं दिसलं, त्याने दुरुस्तीची कळ पाठवली. जंप मशीनवर आतल्या व्ह्यूअरची खिडकी पुढे आहे. त्याला ती कळ माणसानेच दाबलेली वाटते, तो इमानाने पुढे ढकलतो. जंप मशीन सुधारलं, पण गेस्ट आधी बरोबर होता तो बिघडला. आतल्या व्ह्यूअरला −२६१ समजत नसेल तर हे त्याला कळणारही नाही. त्यात क्यूएमूचा अंदाजही चालू असेल तर एकाच कुलपाला तीन जण किल्ल्या लावतायत.

मी इथे नियम केला: दुरुस्ती एकानेच करायची. सगळ्यात आतला व्ह्यूअर, जो गेस्टला थेट बघतो, तो मालक. आतल्या व्ह्यूअरला एक्स्टेंशन समजणारी आवृत्ती टाकली, टायगर व्हीएनसीचं १.८ किंवा नंतरचं. क्यूएमूचं लॉक-की-सिंक बंद. बाहेरच्या व्ह्यूअरमध्ये लॉक जुळवायचं बंद करता येत असेल तर बंद, नसेल तर थेट नेटवर्कच्या बोगद्यातून (टनेल) गेस्टच्या पोर्टवर जोडणी आणि मधला डेस्कटॉपच वगळायचा. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो.

कोण काय बोलतंय ते बघायचं असेल तर क्यूएमू 'व्हीएनसी_की_' ने सुरू होणाऱ्या ट्रेस घटना (आत काय घडतंय त्याच्या नोंदी) चालू करून सुरू करा. गेस्टने कुठले दिवे मागितले, कुठली कळ आली, आणि क्यूएमूने स्वतःहून कॅप्स किंवा नम कधी दाबलं, तिन्ही वेगवेगळ्या ओळींत दिसतं. गेस्टकडून दिव्यांची ओळ येतच नसेल तर व्ह्यूअर बदलून उपयोग नाही, दोष गेस्टच्या आत आहे.

हे सगळं लावून झाल्यावर महिनाभर शांतता होती. मग एका सकाळी मॅडमचा फोन. "आकडे नीट येतात गं, पण बाण दाबला की चौकट हलत नाही, आख्खी शीटच सरकते." मी आमच्या व्ह्यूअरचा लॉग काढला. त्यात नुसता बाइट छापला जातो, आणि तिथे ३ दिसत होता. मी म्हटलं, झालं, क्रमाची चूक परत आली: एक्सच्या हिशेबाने ३ म्हणजे कॅप्स आणि नम. अर्धा तास कोड चाळला. मग आरएफबीचा क्रम पुन्हा मोजला, स्क्रोल १, नम २. बाइट बरोबरच होता. त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रोल लॉकची कळही नाही आणि दिवाही नाही, पण आदल्या संध्याकाळी त्यांच्या जागी बसलेल्या मुलाने मोठा कीबोर्ड लावला होता. गेस्टमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडायला लावून तिथली स्क्रोल लॉकची कळ दाबायला सांगितली. लॉगमध्ये २ आला.